लॅव्हेंडर कुठल्या जातीचं

१० नोव्हेंबर
वास आज परत आला. दिवे लावायची वेळ, मी वैशूच्या खोलीच्या दाराशी, हातात केरसुणी. पहिल्यांदा आला तेव्हा वाटलं कपड्यांचा असेल. तिचे सगळे कपडे धुतले, वाळवले, घड्या करून ठेवले. आता कपड्यांना उन्हाचा वास येतो. खोलीत मात्र तिचाच.

पोरगी गेली त्याला वर्ष होऊन गेलं. सकाळच्या शिफ्टला निघाली, गोडाऊनला पोचलीच नाही. कोणी म्हणतं कशेळीच्या पुलाकडे चालत जाताना दिसली, कोणी म्हणतं ठाण्याच्या रिक्षात बसली. पोलीस म्हणतात तपास चालू आहे. खाडीत काही सापडलं नाही. एवढंच धरून आहे मी.

हे ट्रकांच्या वजनकाट्यावरची ड्युटी संपवून आले. विचारलं, "कसला वास येतोय का?"
"कसला?"
म्हटलं, काही नाही. जेवायला बसा.

१३ नोव्हेंबर
नणंदबाई आल्या शेलारहून. चहा ठेवता ठेवता माझ्या तोंडून निघून गेलं वासाचं. जयाताईंनी कप खाली ठेवला.

"सुनंदे, माणूस जितं असलं तं फोन येतो. वास न्हाय येत."

नंतर म्हणाल्या, भगताला दाखव, पोरीचा जीव अडकलाय, तुम्ही तिचं काहीच केलं न्हाय. दिवस न्हाय, पिंड न्हाय. त्या वाईट मनानं बोलत नाहीत. वैशूला न्हाऊ-माखू घातलंय त्यांनी. पण त्या गेल्यावर मी तो कप दोनदा घासला.

१४ नोव्हेंबर
झोप नाही. एकच विचार. वासाला कारण पाहिजे. घरात झाड असलं की वास झाडाचा. मग कोणी काही म्हणणार नाही. मी पण नाही म्हणणार.

वैशू गोडाऊनमध्ये लॅव्हेंडरच्या पॅकिंग लाइनवर होती. पावडर, साबण, तेलाच्या बाटल्या. घरी यायची ती वासाचा ढग घेऊनच. केस, ओढणी, डब्यातली उरलेली भाकरीसुद्धा. म्हणायची, "आई, आमच्या लाइनच्या पोरींना मच्छर पण चावत नाही."

१७ नोव्हेंबर
इस्माईलभाईंच्या नर्सरीत गेले. इस्माईलभाई आधी लूमवर होते, लूम बंद पडल्यावर रस्त्याकडेला झाडं विकायला लागले. लॅव्हेंडर मागितलं तर हसले.

"भाभी, ये ठंडी जगह का पौधा है. भिवंडी में रोएगा."

मी म्हटलं, रडू दे. द्या.

तर विचारतात, कौनसावाला? मला कुठं माहीत लॅव्हेंडरमध्ये जाती असतात. मला वाटलं गुलाबासारखा रंगाचा फरक असेल. पाच-सहा जाती म्हणाले, पान वेगळं, वास वेगळा. मी म्हटलं, खरं असेल ते द्या. इंग्लिश लॅव्हेंडर दिलं. राखाडी, बारीक पानं. जिऱ्याएवढी कळी पण नाही अजून. माती कमी, वाळू जास्त, बारीक खडी, चिमूटभर चुना. पाणी हात आखडून.

घर आणि शेजारच्या गोडाऊनची भिंत यांच्यामध्ये आमची चिंचोळी जागा उरलीय, तिथं कुंडी ठेवली. दुपारपर्यंत ऊन येतं.

१८ नोव्हेंबर
पान चुरगळून हुंगलं. छान आहे. गोड, मऊ, बाळाच्या अंगाला लावतात तसलं काही.
घरातला वास असा गोड नाही.
असो. फुलं आली की बदलेल.

५ डिसेंबर
वास आला. खोलीत नाही, ओट्यापाशी. मी भाकरी थापत होते आणि पाठीमागून. वैशू अशीच यायची, मागून गळ्यात हात टाकायची. मी वळले नाही. भाकरी करपली.

मग कुंडीपाशी गेले, पान चुरगळलं, परत आत आले. दोन वास वेगळे. ज्याला नाक आहे त्याला कळेल.

८ डिसेंबर
इ.भाईंकडून दुसरी जात आणली. फ्रेंच. पानाच्या कडा करवतीसारख्या दातेरी. हे इकडची दमट हवा जरा सोसतं म्हणाले. वास निलगिरी आणि तुळस एकत्र वाटल्यासारखा. हे पण नाही.

यांनी विचारलं, "आता बाग करणार काय?"
"हो."
"वैशूला आवडलं असतं," म्हणाले. मग लगेच, "आवडेल." शब्द बदलला. मी ऐकलं, त्यांनी पण ऐकलं मी ऐकलं ते.

२६ डिसेंबर
इंग्लिश गेलं. खालून काळं पडत वर आलं. पाणी जास्त घातलं नव्हतं. ही हवाच ओली, खाडीची. मुळासकट उपटलं. झाडच ते. उगाच काहीतरी मनात आणायचं नाही.

४ जानेवारी
स्पॅनिश आणलं. हे गमतीचं आहे, फुलाच्या शेंड्याला दोन जांभळ्या पाकळ्या उभ्या, सशाच्या कानासारख्या. वैशू बघून खिदळली असती. वास मात्र कापूर आणि रंगाच्या डब्याचा. आणखी एक दिलं इ.भाईंनी, पैसे न घेता. त्याची पानं शेपूच्या भाजीसारखी, वास जवळपास ओव्याचा. उन्हाळा काढेल म्हणतात. काढू दे.

शेवटी त्यांनी विचारलंच, "भाभी, आप ढूंढ क्या रही हो?"
मी म्हटलं, मेरी लडकी का वास. हिंदीत वास म्हणतात की नाही कोण जाणे. त्यांना समजलं. बराच वेळ पाइपनं एकाच कुंडीत पाणी सोडत राहिले.

११ जानेवारी
रेश्मा आली. वैशूबरोबर लाइनवर होती ती, मीच फोन करून बोलावलं. विचारलं, तुमच्या तिकडचं लॅव्हेंडर कुठल्या जातीचं?
"काकी, आम्हाला काय माहीत? निळ्या कॅनमधून यायचं."

पण पर्समधून छोटी बाटली काढली. तळाशी चार थेंब. पूर्वी सगळ्या पोरी घरी न्यायच्या म्हणे. झाकण उघडलं आणि मी पलंगावर बसले. तोच. कडक, थोडा औषधी, मागून गोड. तंतोतंत तोच.

रेश्मा रडली. म्हणाली, "वैशू नेहमी बोलायची, दिवसभर याचाच वास घेतो, पण हे झाड कसं दिसतं ते आपल्यातल्या एकीनं पण बघितलं नाही."

तिला बाहेर नेऊन उरलेली तिन्ही दाखवली. तिनं प्रत्येकाचं पान हुंगलं आणि नाही म्हणून मान हलवली. न विचारताच. म्हणजे माझं नाक वेडं नाही.

१२ जानेवारी
बाटली इ.भाईंकडे नेली. एकदाच हुंगले आणि म्हणाले, ये तो लॅव्हेंडिन है. साबणात, पावडरीत हेच घालतात. दोन जातींचा संकर. खेचरासारखं. झाड दांडगं, वास दांडगा, पण याला बी धरत नाही. फांदी तोडून लावायची, तेवढाच वंश.

त्यांच्याकडे नाही. पुण्याच्या बाजूला कोणाकडे तरी आहे, मागवतो म्हणाले.

बाटली घरी आणली नाही. तिथंच ठेवा म्हटलं. घरात असती तर पुढच्या वेळी वास आला की मला कळलं नसतं कुठून आला.
हे लिहिलं आणि मग लक्षात आलं. मला कारण हवं होतं ना? मग बाटली का नाही आणली?

२ फेब्रुवारी
तीन आठवडे काही नाही. वास नाही. आधी बरं वाटलं. मग संध्याकाळी मी दार उघडं ठेवायला लागले. मग तिची चादर काढून हुंगली. उन्हाचा वास, बस.

गेली का काय? म्हणजे... नाही लिहीत.

९ फेब्रुवारी
आला. देव्हाऱ्यापाशी. मी मोठ्यानं म्हटलं, "आलीस?"
आणि तोंडावर हात मारला. जित्या माणसाला असं कोणी विचारतं का रिकाम्या घरात.

७ मार्च
आजचं सगळं नीट लिहिते.

दुपारी हे जेवायला आले. चप्पल काढताना थांबले. नाक वर करून म्हणाले, "झाडं आत आणलीस काय?"

माझ्या हातात आमटीची वाटी. मला काहीच आलं नव्हतं नाकाला तोवर. त्यांनी विचारलं आणि मग आला, एकदम, दाट.
मी म्हटलं, "हो."

तिन्ही कुंड्या बाहेर भिंतीशी होत्या, उन्हात. हे मागच्या दारानं हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. तिथून कुंड्या समोरच दिसतात.

परत आले, बसले, जेवले. भात अजून मागून घेतला. आमटी चांगली झालीय म्हणाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

१० मार्च
बोलत नाही आम्ही त्यावर. सकाळी चहा, संध्याकाळी बातम्या. दोघंही घरात हळू चालतो.

२३ मार्च
जयाताई परत आल्या, या वेळी ठरवून. अक्षय तृतीयेला वैशूच्या नावानं पाण्याची घागर द्या, ब्राह्मणाला मी सांगून ठेवलंय. पुढचं विधीचं तो सांगेल.

मी आत कांदा चिरत होते, हलले नाही. यांचा आवाज ऐकला.
"ताई, अजून न्हाय."
"दत्ता, किती दिवस? पोर तहानलेली हाय रे."
"न्हाय म्हटलं ना."
"आणि सुनंदाला वास येतो तो?"
"तो मला पण येतो."

बाहेरून ताईंच्या रडण्याचा आवाज. मी कांद्यापाशीच उभी.

ताई गेल्यावर विचारलं, कधीपासून?
"पहिल्यापासून. तुझ्या आधीपासून असेल."
"मग त्या दिवशी 'कसला' का म्हणालात?"
"हो म्हटलं असतं, तर तू ती गेलीच असं धरलं असतंस. मग मी कोणाकडं बघून राहायचं होतं?"

मी पण त्याच भीतीनं गप्प होते, हे सांगितलं. मग दोघं ओट्याला टेकून उभे राहिलो. एवढ्या काळात पहिल्यांदा हे माझ्यासमोर रडले. आवाज न करता, खांदे हलत होते नुसते. मी पदरानं तोंड पुसलं त्यांचं, कांद्याच्या हातानं. आणखीच झोंबलं. हसू आलं दोघांना. वाईट वाटलं हसल्याचं.

१४ एप्रिल
पो. स्टे.ला जाऊन आलो. नवीन साहेब आलेत. फोटो परत मागितला. जुना कुठं गेला विचारलं नाही. दिला.

२९ एप्रिल
इ.भाईंचा फोन. लॅव्हेंडिन आलं. हे पण आले बरोबर, स्वतःहून.

काळ्या पिशवीत वीतभर रोप. पान इंग्लिशपेक्षा रुंद, जरा लांब. इ.भाई म्हणाले, लगाने का टाइम नहीं है, पुढे पाऊस, जगेल असं मी म्हणत नाही. बाटली परत द्यायला लागले, यांनी घेतली नाही.

रिक्षात पिशवी माझ्या मांडीवर. काल्हेरच्या वळणावर ट्रकांची रांग, उभेच. यांनी पान चिमटीत धरून चुरगळलं, हुंगलं. मग बोटं माझ्या नाकापाशी धरली.

तोच.

आता कारण मिळालं. उद्या कोणी विचारलं तर दाखवता येईल झाड. पण आमच्या दोघांत हे कारण चालणार नाही, आम्हाला माहीत आहे. झाड आज आलं.

३० एप्रिल
अक्षय तृतीया. घागर दिली नाही. ताईंचा फोन आला होता, यांनीच घेतला. "बरं, बरं" करत होते. ताई शेवटी म्हणाल्या, मी माझ्या घरी दारात तांब्या भरून ठेवलाय, कोणाचं नाव न्हाय घेतलं. कोणी वाटसरू पिऊन जाईल. यांनी मला तसंच्या तसं सांगितलं.

सकाळी रोप जमिनीत लावलं. मी कुंडी पुसून ठेवली होती. हे म्हणाले, कुंडी नको. भिंतीलगत पहारीनं खणलं, गोडाऊनखाली गेलेल्या आमच्या भाताच्या शेतातली शेवटची माती असेल ती. वाळू, खडी घालून उंच गादी केली, पाणी साचू नये म्हणून. पावसाळ्यासाठी वरून पत्र्याचा आडोसा करणार आहेत, गोडाऊनवाल्याकडे जुना पत्रा आहे.

"पूर्ण वाढायला किती दिवस म्हणाला तो?"
"दोन-तीन वर्षं. जगलं तर."
"मग तोवर ताईला सांगायचं, अजून बघतोय."
मी म्हटलं, बरं.

१८ मे
रोप उभं आहे. खालची दोन पानं सुकली, शेंड्याला नवीन फुटवा. फ्रेंच आणि शेपूवालं तगून आहेत, सशाच्या कानाचं गेलं.

संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो. वारा बंद, ट्रकांचा धुरळा. रोपाला हात लावल्याशिवाय ते वास देत नाही अजून, लहान आहे. कोणी हात लावला नव्हता.

वास आला. आमच्या मधूनच आल्यासारखा.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी सरकले थोडी, हे पण सरकले. मधे जागा झाली.

अंधार पडेपर्यंत तसेच बसलो. मग मी कुकर लावायला उठले. हे म्हणाले, "तू जा, मी बसतोय अजून."