वाढत्या अंगाचा फ्रॉक

बाई,

त्या सकाळी तुमच्या मागच्या दारात मी दुधाचं पातेलं घासत होते. तळाला दूध करपलं होतं. अंगण झाडून झालं होतं, नळाचं पाणी भरून झालं होतं, एवढं पातेलं उरलं होतं. रविवार म्हणून तुम्हाला शाळा नव्हती. स्टोव्हवर तुरीचं वरण ठेवून तुम्ही पाटावर बसलात आणि कादंबरी उघडून मोठ्यानं वाचू लागलात. समोर तुमची मुलगी, ताई, तांदूळ निवडत होती. मी काथ्या हळू फिरवत होते, कारण जोरात घासलं की तुमचा आवाज ऐकू यायचा नाही. रविवारी घरी जायला उशीर झाला की माझी आई विचारायची, "बाईकडं चार भांड्याले इतका वेळ कायले लागते तुले?" मी सांगायची, करपलेलं असते.

ती कादंबरी आता कॉलेजच्या पोरींना अभ्यासाला आहे. नदीकाठच्या गावातली एक मुलगी लहानाची मोठी होते, एवढीच गोष्ट. तिची आई तिला वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवते. आत तीन दुमडी घालते आणि मुलगी उंच झाली की एकेक दुमड उसवते. ताईनं त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, की लेखक सारखा त्या फ्रॉकावरच काहून येते. तुम्ही काही बोलायच्या आत मी दारातून बोलून गेले, "तिची माय तिच्यासाठी आंधी कापड राखून ठेवते नं. पोरगी वाढन, हे तिले माहीत हाये." तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "तू पातेल्याकडे बघ." ताई हसली.

मला ते माहीत होतं, कारण तुम्हीही ताईचे फ्रॉक तसेच शिवायचात. दुमड उसवायला तुमच्याकडे एक ब्लेड होतं. एका बाजूला चिंधी गुंडाळलेलं, मशीनच्या खणात ठेवलेलं. ताईला फ्रॉक तोकडा झाला की तो मला मिळायचा. तुम्ही तो धुऊन, घडी करून द्यायचात, कधी फेकल्यासारखा दिला नाही, हे मी आजही सांगते. पण माझ्यापर्यंत येईतो त्यातल्या सगळ्या दुमडी सोडवून झालेल्या असायच्या. घेराला तीन गडद पट्टे दिसायचे, जिथं कापडाला ऊन लागलं नव्हतं. शेजारच्या बायका पट्टे पाहून ओळखायच्या की फ्रॉक बाईंच्या घरचा आहे. मी कितीही वाढले असते तरी त्यात सोडायला कापड उरलेलं नव्हतं. मी ताईवर जळत होते, बाई. तिच्या वेण्यांवर नाही, पुस्तकांवरही नाही. त्या आत राखलेल्या कापडावर.

मग एका रविवारी तुम्ही पुस्तक मिटलंत. शेवटचं एकच प्रकरण उरलं होतं. ताईची मॅट्रिकची परीक्षा जवळ आली होती, म्हणून तुम्ही म्हणालात, हे आता निकालानंतर. माझं लग्न निकालाच्या आधीचं ठरलं होतं. मी तेव्हा सोळाची. तुम्हाला ते माहीत होतं, कारण आईला तुम्ही लुगडं दिलं होतं लग्नासाठी. तरी मला ऐकायला मिळणार नाही हे काही तुमच्या ध्यानात आलं नाही. का यावं? भांडी घासणारीला कोणी गोष्ट सांगत होतं थोडंच.

कामाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही शाळेत होतात. मी मशीनचा खण उघडला, ते ब्लेड घेतलं आणि शेवटच्या प्रकरणाची चार पानं शिवणीलगत कापली. अगदी सरळ, तुम्ही दुमड उसवायचात तशी. परकराच्या नेफ्यात खोचली आणि पुस्तक होतं तसं कपाटात ठेवलं. त्या पावसाळ्यात, निकालाच्या आधीच, तुम्ही गेलात. मला निरोप कळला तेव्हा तेराही दिवस होऊन गेले होते.

माझी शाळा तिसरीपर्यंत. खरं वाचायला मी शिकले ते त्या चार पानांवर. पहिलं वर्ष एकेक ओळ बोटानं. हे कोळशाच्या खाणीत होते, पाळीवरून आले की मला बघून हसायचे, "वाच वाच, माहेरचे कागद हायेत ते." मग तेच ऑफिसातला शिळा पेपर डब्यात गुंडाळून आणायला लागले. पुढं वाचनालयाची वर्गणीही त्यांनीच भरली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. अजून सकाळी चहा ठेवताना पाणी दोन कपांचंच पडतं, मी ते तसंच उकळू देते. कागद कुठून आले हे मात्र त्यांनासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात इथं वणीच्या वाचनालयात त्या कादंबरीवर व्याख्यान झालं. बोलायला ताई आली होती, यवतमाळच्या कॉलेजातून रिटायर झालेली. पांढरे केस, जाड काठाची साडी, आवाज हुबेहूब तुमचा. मी चौथ्या रांगेत होते, तिनं ओळखलं नाही. ती म्हणाली, कादंबरीतली विहीर म्हणजे मुलीचं मन. आमच्या शेजारची म्हातारी माझ्या कानाशी लागली, "आपण तर त्या मनातून घागरी भरल्या वं बाई." मला हसू आलं. जिनं पाणी शेंदलं तिला विहीर विहीरच वाटते. पण पुढं ताई फ्रॉकावर आली. म्हणाली, "माझी आई सांगायची, दुमड म्हणजे राखून ठेवलेलं कापड. मुलगी वाढणार हे आईला आधीच माहीत असतं."

हे माझं होतं, बाई. शब्दाला शब्द.

माझे कान तापले. आधी वाटलं, उठावं आणि सगळ्यांसमोर सांगावं की हे तुझ्या आईचं नाही, मोरीवरच्या पोरीचं आहे. मग उमगलं की ताईला हे तुम्हीच सांगितलं असणार. म्हणजे त्या दिवशी मान वर न करता तुम्ही ऐकलं होतंत. जे मला म्हणाला नाहीत ते तुम्ही तिला दिलंत. त्यात समाधान मानावं तर तेही तिच्याच ओटीत पडलेलं.

शेवटी तिनं तुमचं पुस्तक वर धरलं. शेवटची पानं नाहीत, सगळ्यांना दाखवलं. म्हणाली, "आईनं ती ब्लेडनं कापून ठेवली आणि मग आई गेली. मोठं होण्याचा शेवट कोणी लिहून देत नसतो, ज्याचा त्यानं लिहायचा असतो, हे आईला मला सांगायचं होतं." तीस वर्षं ताईनं मुलांना हेच शिकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं डोळे पुसले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या चोरीचीसुद्धा तिला आईची माया झाली होती, आणि मी त्यावरही जळत बसले होते.

घरी येऊन पेटीतून पानं काढली. पहिल्या पानाच्या वर तुमच्या हातची पेन्सिलीची ओळ आहे: "निकाल लागला की हे तू मला वाचून दाखवायचं." मी ती कितीदा वाचली असेल. ती ताईसाठी आहे हे मला पहिल्या वर्षापासून कळत होतं. तुम्ही तिच्यासाठी काही कापून ठेवलं नव्हतं. तुम्हाला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. हे तिला कधी कळलंच नाही, आणि ते माझ्यामुळे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुम्हाला पत्ता नाही. म्हणून खरं तेवढंच लिहिते. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं यवतमाळला गेले, विचारत विचारत ताईचं घर काढलं आणि पानं तिच्या हातात दिली. म्हणाले, ही मी कापली होती. तिनं तुमची ओळ पाहिली. एवढी शिकलेली बाई, पण तोंडातून इतकंच निघालं, "काहून वं?" मी म्हणाले, "मले बी शेवट ऐकाचा होता." ती पानांवर हात ठेवून बसून राहिली. मी निघाले.

पण जाण्याआधी, पहाटे उठून, मी ती चारही पानं एका वहीत उतरवून घेतली होती. शाईच्या पेनानं. आणि पहिल्या पानावर, वर, जिथं तुमची ओळ होती तिथं, ती ओळही. ती पेन्सिलीनं.