डाव्या डोळ्यापर्यंतची रेघ

येना, जर्मनी, १४ नोव्हेंबर

प्रिय साधना,

शिवणाच्या तासाला वहीच्या पानाखाली चार आण्याचं नाणं ठेवून आपण वरून पेन्सिल घासायचो, आठवतं? सिंहांचे चेहरे हळूहळू वर यायचे. सिस्टर ब्रिजेटनी पकडलं, तर तू बेधडक म्हणालीस, मॉरल सायन्सचं चित्र आहे!

या वयात मी पुन्हा तेच करते आहे, श्रीधरच्या टेबलाशी बसून. आमच्या लग्नापासूनचं त्याचं वेड तुला माहीत होतं, जुने अमेरिकन अर्धे डॉलर. तेव्हा नाणी पाडायचे ठसे हातानं कोरायचे, म्हणून एकाच सालच्या दोन ठशांत नाण्यावरच्या बाईच्या चेहऱ्याभोवतीच्या चांदण्यांच्या जागा थोड्या हललेल्या असत. नाणं कुठल्या ठशाचं, ते तो भिंगातून ओळखायचा. ठशाला तडा गेला की नाण्यावर उठावदार रेघ उमटते. तडा वाढेल तशी पुढच्या नाण्यांवर ती लांबते. पण एकदा पाडलेल्या नाण्यावरची रेघ ते वितळेपर्यंत तेवढीच, असं तो म्हणायचा.

१८१२ चं एक नाणं मी लक्ष्मीपूजनासाठी चिंच-रांगोळीनं घासून लख्ख केलं. दोनशे वर्षांची काळी झाक गेली, आणि तिच्याबरोबर नाण्याची किंमतही, हे मला नंतर कळलं. मला वाटलं, खूश होईल. तो ओरडलासुद्धा नाही. आता हे तुझं, म्हणाला आणि वेगळ्या डबीत ठेवलं. वहीत लिहिलं, 'रेघ चांदणीपासून गालापर्यंत.'

तो गेल्यावर मार्चमध्ये मी डबी उघडली. रेघ गालाच्या वर चढली होती. हल्ली माझ्या डाव्या डोळ्यापुढे अंधुक होतं, म्हणून डोळ्यावर विश्वास न ठेवता पेन्सिल घेतली. दर महिन्याला एक कागद, मागे मराठीत तारीख. आठ झाले.

सुट्टीत क्षितिज नातीला, अन्वीला घेऊन स्टुटगार्टहून आला. पोरीला मराठी कळतं, वाचता येत नाही. माझ्या हातून कागद पडले, ते तिनं जमिनीवर ओळीनं मांडले. मी उलटून पाहिले. मार्च, एप्रिल, मे... एकही चुकला नव्हता. कसे लावलेस विचारलं, तर जर्मनमध्ये म्हणाली, आजी, लेंगर, लेंगर, लेंगर. लांब, अजून लांब. शेवटच्या कागदावर रेघ बाईच्या डोळ्याशी पोचली होती, तिथं तिनं बोट ठेवलं. मग तेच बोट माझ्या डाव्या पापणीवर. डोळ्याचं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

साधना, त्या डोळ्यामागे रक्तवाहिनी फुगली आहे. एक डिसेंबरला ऑपरेशन. क्षितिजला मोतीबिंदू सांगितलंय. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवली तेव्हा मी ती ओळखली. तीच वळणं, टोकाला तोच बारीक फाटा. श्रीधर असता तर म्हणाला असता, ठसा एकच. म्हणून हे पत्र. बाकीची नाणी वहीसकट क्षितिजला. माझ्या मोत्याच्या कुड्या सूनबाईला, स्पृहाला. भिंग अन्वीला. हे नाणं तुला, सोबत पाठवते आहे. घासू नकोस. एक तारखेच्या संध्याकाळी त्यावर कागद ठेव आणि पेन्सिल फिरव. रेघ डोळ्याशीच थांबली असेल, तर मला फोन कर. पुढे गेली असेल, तर क्षितिजला.

तुझीच,
ऊर्मिला