चौतीस वर्षांचा जर्मन

बाबा,

काल नव्या कोचनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आता मुलींना शिकवा. खेळणं पुरे झालं." माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वय चौतीस, त्यांचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. मी म्हणते. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी असं काही झालं की आधी तुमच्याशीच भांडावंसं वाटतं.

तो जर्मन तुम्हीच घरात आणलात. शनिवारी संध्याकाळी लालबागच्या आपल्या खोलीत आई बांगडे तळतेय, धुराने डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही फुटबॉल बघत टीव्हीला नाक लावून बसलाय. मोठमोठे स्ट्रायकर सोडून तुम्हाला आवडला तो एक काटकुळा, फरशीच्या कारखान्यात काम करून पंचविसाव्या वर्षी वरच्या लीगमध्ये आलेला. गोल बेताचेच. पण शॉट मारला की पळत मागे यायचा, अगदी आपल्या हाफपर्यंत. तुम्ही जन्मभर गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. मांडीवर थाप मारून म्हणालात, "बघ, ह्याला चढाई कळते. गेलास तर रेषेला परत ये."

मग मलाही तेच शिकवलंत. शॉट मारायचा आणि मागे पळायचं. परळच्या मैदानावर एकदा गोलकीपरच्या हातून बॉल सुटला, गोल उघडा पडला, आणि मी कुठे? मधल्या रेषेवर, हात लावून मोकळी. सगळं मैदान हसलं. मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले, "बाबा, तुम्हाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही!" तुम्ही चपला घातल्या आणि गेलात. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे सहाला मला उठवायला हजर. म्हणालात, "आज गोलापाशीच थांबून बघूया." माफी मी मागितली नाही, बाबा. आज मागते.

मी तेवीसची झाले तशी गावाहून काका आले, आत्या आली, प्रत्येकाच्या पिशवीत एक स्थळ. तुमचं उत्तर ठरलेलं. "तो जर्मन बत्तीस वर्सांचो झालो, तरी धावता. माझा चेडू आता खंय तेवीस वर्सांचा!" आत्या विचारायची, "कोण रे हो जर्मन? आपल्या नात्यातलो?" त्याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. तोवर त्याची टीम खालच्या लीगमध्ये घसरली होती, हाही तिच्याबरोबर खाली गेला, आणि टीव्हीवर दिसायचा बंद झाला. दर रविवारी मी मोबाइलवर बघून तुम्हाला सांगायचे, काल खेळला की नाही, गोल झाला की नाही.

त्याच वर्षी त्याने खेळणं सोडलं. गुडघा गेला होता. दोन ओळींची बातमी होती. मी ती वाचली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, आणि बाहेर येऊन तुम्हाला म्हटलं, "काल एक गोल मारला." पुढची दोन वर्षं त्याचे गोल मीच मारले. कधी हेडर, कधी पेनल्टी. उगाच संशय नको म्हणून मधूनमधून त्याला बाकावरही बसवलं. परळच्या हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "तो खेळता मा?" मी म्हटलं, "हो, पूर्ण नव्वद मिनिटं." त्या दिवशी तो तुमच्या लेखी चौतीस वर्षांचा होता.

कोचना मी आज सकाळी सांगून आले, रविवारच्या मॅचला माझं नाव राहू द्या, वीस मिनिटं तरी द्या, नाही जमलं तर स्वतःहून बाहेर येते. त्यांनी यादीत नाव लिहिलं. आता गुडघ्यावर बर्फ धरून हे लिहितेय. धाडायचं कुठे हा प्रश्नच नाही.

आईला अजून वाटतं, तुम्हाला आजारपणात धक्का बसू नये म्हणून मी खोटं बोलले. तसं नव्हतं, बाबा. तो थांबला हे कळलं तर तुम्ही मलाही थांब म्हणाल, याची मला भीती वाटत होती.