प्रविष्टी कळ कुटं असती?

चि. सुहास यास,

यशोधरा आत्याचा जय भीम आणि उदंड आशीर्वाद. ट्रेकवर आखडलेली तुझी मान आता वळते ना? इकडे माझा मोतीबिंदू निघाला, डोळा झकास आहे आणि आपल्या बेडशाच्या वाचनालयाची मान्यता वाचली आहे. श्रेय तुझ्या प्रोग्रॅमला देणार होते, पण तुझी माहितीपुस्तिका आडवी आली.

अकराशे सहा पुस्तकांची छापील यादी सोमवारी वडगावच्या कचेरीत पोचली नाही तर मान्यता रद्द आणि आपली खोली मांडवाच्या खुर्च्या ठेवायला, असं ठरलेलं. दिवाळीत तू सगळी पुस्तकं कॉम्प्युटरात भरून गेलास (ते खरंच कौतुकाचं), राहिलं होतं फक्त छापणं. पण तुझ्या काळ्या पडद्यावर ना बटणं, ना चित्रं. हुकूम टाइप करायचा. मला डॉक्टरांनी अक्षर बघायला मनाई केलेली, तू ट्रेकला, फोन बंद. म्हणून समोरच्या झुंबरबाईंना बसवलं. त्यांची शाळा दुसरीत सुटली, पण अक्षर लावून वाचतात.

पुस्तिकेचं पहिलंच वाक्य, 'तदनंतर प्रविष्टी कळ दाबावी.' (कशानंतर, ते बावन्न पानांत कुठंच नाही.) "कळ कुटं दाबायची, ताई? माज्या तर गुडघ्यात हाय!" अख्खा कीबोर्ड धुंडाळला. (एंटर म्हणायला तुला काय झालं होतं रे?) पुढे '<आपले नाव>' होतं, ते बाईंनी बाणांसकट तसंच टाइप केलं. शेवटी पडद्यानं विचारलं, पुढे जायचे? बाईंनी आनंदानं 'व्हय' लिहिलं. उत्तर आलं, 'अवैध'. हा शब्द त्यांनी फक्त धाडींच्या बातम्यांत वाचलेला. "अवैध? मी काय हातभट्टी लावलीय व्हय?" म्हणून ज्या उठल्या, त्यांना चहा पाजून परत बसवण्यात माझी दुपार गेली.

मग मी हट्टालाच पेटले. दोन दिवस चुकत चुकत, एकेक पायरी बाईंना जशी समजली तशी त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच हातानं एका कागदावर उतरवली. 'वाकड्या बाणाचं मोठं बटन दाब. दोन बाणांतलं लिहू नगं, तितं तुजं नाव लिही. हो लिही, व्हय त्याला कळत न्हाई. अवैध म्हनला तर भिऊ नगं, परत लिही.' तो कागद पुढ्यात ठेवून शनिवारी त्यांनी एकट्यांनी, मी बाहेर बसलेली असताना, यादी छापली! प्रिंटर खडखडला तशी मी आत धावले आणि दोघींनी टाळ्या पिटल्या. मला रडू आलं (डॉक्टरांनी त्यालाही मनाई केली होती).

सोमवारी वडगावला मान्यता कायम झाली. घोरावाडीचे निवृत्तीभाऊ, ज्यांच्या वाचनालयालाही तू हाच प्रोग्रॅम दिलास आणि जे दिवाळीपासून त्याच्यावर फडकं टाकून बसलेत, त्यांनी आमच्या कागदाची झेरॉक्स नेली. तुझी पुस्तिका कुणी मागितली नाही. तुझ्यावर राग नाही, सध्या मला कशाचाच राग येत नाही.

तुझी,
यशोधरा आत्या

ता. क. : पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीवर झुंबरबाईंचं नाव आधी, मग तुझं.

आणखी ता. क. : खरं काम राहिलंच. चाळीस वर्षं वाचनालयासमोर राहून बाईंनी एकदाही पुस्तक नेलं नव्हतं. काल खाली मान घालून म्हणाल्या, "त्या कागदावानी लिवल्यालं एकांदं पुस्तक हाय का वो, ताई?" मुलांचं दिलं, तर "चिमनीचं नगं, मानसांचं पायजे." अकराशे सहांत एक सापडेना. पुण्यात शोध आणि रविवारच्या आत पाठव. मोठं अक्षर, लहान वाक्यं. विकत आण, स्वतः लिहू नकोस.