ट्यूबातला वाघ

४ जानेवारी
वाघ हवाच! देवाजीभाऊंचा हुकूम. जंगलाच्या कडेला मोहर्लीत रिसॉर्ट त्यांचं, कार्यक्रमाचे प्रायोजक तेच, तेव्हा माझ्या बायकोच्या, रंजीताच्या, सिम्फनीत वाघही त्यांचाच. "जंगलावर वाजवून राह्यले अन् वाघ नाई? लोकं उठून जातीन, बाई!" वाघ नसेल तर कार्यक्रम रद्द.
रंजीता शांतपणे म्हणाली, "भाऊ, वाघ येते तवा वाघ कुठी ऐकू येते? बाकीचे ऐकू येतात."
भाऊंनी रिसॉर्टची जाहिरात पुढे सरकवली. तिच्यात नुसता वाघच वाघ.

७ जानेवारी
चहा पिताना रंजीतानं समजावलं. ओबोची पिपाणी म्हणजे बिचकलेलं चितळ, बासूनची जाड सनई म्हणजे खाकरणारं वानर, व्हायोलिनं म्हणजे मोर. प्रत्येकाची लय वेगळी. आणि सूर मुद्दाम चिकटून — सा आणि कोमल रे एकदम. कानात खडा गेल्यासारखं होतं.
"हीच माही हार्मनी. भ्यालेले सारे एका सुरात ओरडत नाईत."
शेजारी-शेजारी राहून जमत नाही — म्हणजे आमची सोसायटीच की! बोललो. दुसरा चहा मिळाला नाही.

१२ जानेवारी
रंजीता तयार झाली! शेवटी वाघासाठी ट्यूबा घेतेय — खर्जातलं ते भलंमोठं पितळी वाद्य. भाऊ खूश, कार्यक्रम पक्का, मी पेढे आणले. खाताना मात्र वाटलं — इतक्या लवकर? ही बाई माझ्याशी भाजीच्या मिठावरूनही आठवडाभर लढते.

१९ जानेवारी
आज कार्यक्रम झाला. काय वाजलं! चितळ, मग वानर, मग मोर, एकावर एक चढत गेले. सूर इतके दाटले की मी कॉलरचं बटण सोडलं. आणि एकदम सगळं गप्प. ट्यूबावाला उठला. ते पितळी धूड तोंडाला लावलं, गाल फुगवले. शेजारी देवाजीभाऊंनी माझं मनगट धरलं. मग ती डरकाळी — खोल, खुर्चीतून पोटात शिरणारी. सगळं सभागृह उभं राहिलं. तिच्या सुरांची थट्टा केली होती मी; पण बायकोपुढे हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

२० जानेवारी
सकाळीच भाऊंचा फोन. "काय डरकाळी होती, राजेहो! एक नंबर!" रंजीताला सांगितलं. ती हसत सुटली.
"अहो, ट्यूबावाल्यानं फुंकलंच नाई. मी त्याले म्हटलं होतं — नुसता उचल."