मोडावरचा आवाज

२५ नोव्हें. २००७, रविवार

...मग चुलीवरचं दुसरं पातेलं उतरवायचं. पहिलं यांच्या अंघोळीचं, दुसरं जीपचं. थंडीत जीप गरम पाण्याशिवाय बोलत नसे. हे मफलर गुंडाळून, बॉनेट उघडून उभे. मी पातेलं फडक्यात धरून नेऊन द्यायची. पाणी आत ओतलं की वाफ त्यांच्या तोंडावर यायची, ते डोळे मिटून घ्यायचे. चावी फिरवली की आधी खोकला, मग धूर, मग धडधड. फळीवरच्या वाट्या वाजू लागायच्या. त्यानंतर सडा, झाडणं, प्रशांतचा डबा. एवढंच. रोजची सकाळ. आज का आठवली माहीत नाही.

माहीत आहे. प्रशांतचा नागपूरहून फोन आला होता.

बियाण्यांच्या कंपनीत त्याला बढती मिळाली. आता गाडीही मिळणार. लीज म्हणतात. गाडी कंपनीच्या नावाची, पगारातून कापत राहतात, चार वर्षं बदलता येत नाही. गाडी तीच, पण डिझेलची हवी की पेट्रोलची, हे त्यानं सांगायचं.

"आई, तूच सांग वं. कोणती घेऊ?"

"मले काऊन इचारून राह्यला? मी काय मिस्त्री हाय?"

"बाबाच्या गाडीचं पाणी कोण तापवे मंग?"

हसला. मीही हसले. मग फोनमध्ये नुसता वारा.

२७ नोव्हें.

डिझेल. मी स्वतः वाचलेला पहिला शब्द हाच. पंपावर कोणी भलतं ओतू नये म्हणून यांनी टाकीच्या झाकणाजवळ पांढऱ्या रंगानं लिहून घेतला होता. शब्द मला माहीत होता, अक्षरं नव्हती. गाडी पुसता पुसता जुळवली. हा डि, हा झे, हा ल. मग ल सगळीकडे दिसायला लागला. दुकानाच्या पाट्यांवर, साबणाच्या कागदावर, दवाखान्याच्या भिंतीवर. झे कुठंच दिसेना.

यांची जीप म्हणजे काळीपिवळी, सवाऱ्यांची, जाम-वर्धा चालायची. प्रवासी पेपर विसरायचे, कधी पुस्तक. हे आठवडाभर पुस्तक समोर काचेपाशी ठेवायचे. कोणी मागायला आलं नाही तर माझं. शेवटची पानं नसलेली कितीतरी पुस्तकं वाचली. त्यांचे शेवट मी भांडी घासताना करायची. कधी आज एक, उद्या दुसरा.

२ डिसें., रवि.

प्र. आला. ऑफिसातल्या मित्राची गाडी घेऊन, पेट्रोलची, मला दाखवायला.

मी ज्वारीचं पीठ मळून बसले होते. मोडावर, रस्ता घराकडे वळतो तिथं, आवाज आला की तवा ठेवायचा, ही या घराची रीत. गाडी मोडापासून दारापर्यंत येईल, हे हातपाय धुतील, तोवर तवा तापतो. घड्याळ घरात नंतर आलं. प्र. मोठा झाल्यावर त्याची मोटरसायकलही मला मोडावरून कळायची. आज काही ऐकू आलं नाही. वळून बघते तर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा. तवा थंड.

"अशी कशी चोरावानी आली तुही गाडी?"

"पेट्रोल हाय आई. आवाजच नाई."

शेजारच्या लीलाबाई बघायला आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटला कान लावला. "बाई, सुरू हाय का बंद, काही समजूनच नाई राह्यलं. पाहुणा पाटावर येऊन बसल तरी चहा ठेवाले टाइम नाई भेटणार."

गाडी प्र.नं रस्त्यावरच लावली. अंगणात लावत नाही तो. फरशीवर जीप उभी राहायची तिथं तेलाचा डाग आहे, काळा, परातीएवढा. यांना जाऊन आठ वर्षं झाली, जीप जामच्या माणसाला दिली त्यालाही तेवढीच. मी त्या डागावर कधी ब्रश फिरवला नाही. प्र.नं कधी पाय दिला नाही. यावर आम्ही बोलत नाही.

६ डिसें.

विहारात मेणबत्ती लावून आले. हाताला मेणाचा वास. आल्या आल्या फोन.

प्र. म्हणाला, ऑफिसवाले रनिंग विचारतात. गाडी खूप फिरणार असेल तर डिझेल परवडतं, कमी फिरणार असेल तर पेट्रोल बरं.

"मंग किती हाय तुहं रनिंग?"

"गावातल्या गावात काहीच नाई. दौरे तं आता बंद झाले." मग हळूच, "बाकी रनिंग तुह्यावर हाय आई."

फोन ठेवला, तांदूळ निवडायला घेतले, तेव्हा समजलं. मी इथं वर्ध्याजवळ नालवाडीत राहिले तर तो दर रविवारी नागपूरहून येणार, रनिंग खूप. म्हणजे डिझेल. मी त्याच्याकडे नागपूरला राहायला गेले तर पेट्रोल. आणि चार वर्षं.

सुजाता, सून माझी, दोन वर्षांपासून सरळ म्हणते, "आई, खालची खोली तुमचीच हाय, या तुम्ही." प्र. कधी म्हणाला नाही. बापासारखा. हेही कुठं जायचं असलं तर 'चल' म्हणायचे नाहीत. जीपचं दार उघडून ठेवायचे.

निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले.

१० डिसें.

दुपारी मोडावर जीप वाजली. तीच. आधी खोकला, मग धडधड. मी उठून तवा ठेवला. दोन भाकरी झाल्या, तिसरी थापताना आवाज पार लांब गेलेला, सेवाग्रामच्या बाजूला.

भाकरी लीलाबाईंना नेऊन दिल्या.

"कोण आलतं?"

"कोणी नाई."

"मंग ह्या कोणाच्या?"

त्यांनी तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. म्हणाल्या, "मीठ बरोबर हाय." पुढं विचारलं नाही. चांगली बाई.

जीप आपली असेल, नसेल. सगळ्या जुन्या जीप तशाच बोलतात. पण ठरलं. डिझेल सांगते. दर रविवारी मोडावर आवाज येईल, मी तवा ठेवीन. आणखी काय पाहिजे मला.

१२ डिसें.

जेवून भिंतीला टेकले होते, उन्हात. डोळा लागला. स्वप्न:

कापसाचं शेत, फुटलेलं, लांबपर्यंत पांढरं. त्यातून जीप चाललेली. चाकं दिसत नाहीत. आवाजही नाही, जशी नदीतून नाव. हे चालवतात. मी मागच्या सीटवर. आरशात यांचं तोंड दिसतं, ओठ हलतात. मला म्हणतात की रस्त्याला, कळत नाही. मी पुढं वाकते, वाकते, आणि

जाग आली तेव्हा ऊन पायावरून भिंतीवर गेलेलं. दिवसभर तसंच वाटत राहिलं, कोणीतरी काही म्हणतंय आणि मला ऐकू येत नाही.

१६ डिसें., रवि.

प्र. पुन्हा मित्राची गाडी घेऊन आला. आज म्हणाला, "बस ना. पाहून तं घे." पुढं बसले, त्याच्या शेजारी. गाडीत पुढं बसायची सवय नाही, पदर कुठं ठेवावा कळेना.

सेवाग्रामच्या रस्त्यानं निघालो. दोन्हीकडे तुरी, पिवळ्या फुलांच्या. गाडी चालली आहे की रस्ताच मागं सरकतोय, समजत नव्हतं. कापूस वेचणाऱ्या बाया एकमेकींना हसत होत्या, ते हसू आत आलं. कवड्याचं घुमणं आलं. या रस्त्यावरून किती वर्षं गेले-आले, इथं पाखरं आहेत हे आज कळलं. डोळे जड झाले. मी झोपेच्या काठावर, आणि काठावरच ऐकू आलं.

गुणगुणणं. नाकातल्या नाकात, शब्द नाहीत. दोन पायऱ्या वर, एक खाली, पुन्हा तेच. प्र. रस्ता बघत होता. त्याला पत्ताच नव्हता.

"हे कुठून शिकला?"

"काय?"

"आता म्हणून राह्यलता ते."

"हे? हे तं बाबाचं हाय. गाडी चालवताना म्हणत राहे तो. मी लहानपणी समोर मांडीपाशी बसो ना, तं ऐकू ये." मग माझ्याकडे बघितलं. "तुले नाई माहीत?"

नाही. पुढची जागा सवारीची. घरच्या बाईनं मागं, बायांमध्ये बसायचं. दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचो तेव्हाही मी मागंच, खच्चून भरलेल्या गाडीत. मला इंजिन ऐकू यायचं. एवढ्या वर्षांत फक्त इंजिन.

"अजून म्हण," मी म्हटलं.

लाजला. "आता नाई येत वं. असं सांगून नाई येत ते."

जामच्या वाटेला लागेपर्यंत मी डोळे मिटून बसले. झोप लागली असं वाटलं असेल त्याला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. मी हललेसुद्धा नाही.

घरी आलो. मी म्हटलं, "आत लाव ना गाडी."

"बाबाची जागा हाय ते."

रस्त्यावरच लावली. भाकरी खाल्ली, चहा घेतला. निघताना म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत सांगाचं हाय ऑफिसले."

"सकाळी फोन करते."

"तू म्हणशील ते. जबरदस्ती नाई." गाडीशी गेला. आपल्या बाजूचं दार उघडलं, मग वळसा घालून माझ्या बाजूचंही उघडलं. धूळ झटकल्यासारखं केलं. थोडा वेळ तसंच उघडं ठेवून उभा राहिला. मग बंद केलं आणि गेला. मोडावर काही ऐकू आलं नाही.

काय सांगू? डिझेल म्हटलं तर आवाज माझा, रविवार माझा. पेट्रोल म्हटलं तर

हे असते तर म्हणाले असते, गाडी पाहा, माणूस पाहू नको. नाही. असं नसते म्हणाले. काहीच म्हणाले नसते. गुणगुणले असते.

१७ डिसें., सोम.

सकाळी दोन पातेली पाणी तापवलं. एकानं अंघोळ केली. दुसऱ्यात धुण्याचा सोडा टाकला, काथ्या घेतला, आणि अंगणात बसून तो डाग घासायला लागले.

लीलाबाई कुंपणावरून, "काऊन वं, आज हे काय काढलं?"

"जागा करून राह्यली."

"येणाऱ्यासाठी का जाणाऱ्यासाठी?"

मी उरलेलं पाणी ओतलं. वाफ तोंडावर आली. डोळे मिटून घेतले.

डाग फिका झाला, पुरता गेला नाही. हात पुसले, घरात आले, प्रशांतला फोन लावला. म्हटलं, "बिनआवाजाची घे. पुढची जागा माही."