लाल दिव्याखालचा पाय

९ जानेवारी, गाब्रोवो
आज इन्फ्रारेड दिवा आणला. लाल, देखणा. डॉक्टर ब्लागोएवाबाई म्हणतात, साखरेमुळे पावलांच्या नसा गेल्यात. गोळ्या घ्या, पाय रोज तपासा. अख्खी हयात मी फुटबॉलच्या पोरांचे पाय तपासले, आणि मला शिकवतात! नसा गेलेल्या नाहीत, गारठल्यात. ऊब मिळाली की जाग्या होतील. एप्रिलमध्ये जुन्या खेळाडूंची मॅच आहे. पंच मीच.

१० जानेवारी
दिव्याबरोबरच्या कागदावर लिहिलंय : हातभर लांब ठेवा, त्वचा बधिर असेल तर वापरू नका. कंपन्यांना कोर्टाची भीती असते, म्हणून लिहितात.

१४ जानेवारी
शेजारची रुस्का आली. गिरणीत मागावर वाकून वाकून मान आखडलेली. दिव्यासमोर बसवली. थोड्या वेळात मान सैल! म्हणाली, ‘मेतोदीदादा, तुम्ही डॉक्टरच व्हायला हवं होतं.’ संध्याकाळी चीज भरलेली गरम बनित्सा भाजून घेऊन आली. मी दोन तुकडे खाल्ले. झ्लात्का म्हणाली, ‘तिची मान वळली, तुझं डोकं कधी वळणार?’ बायकोला कौतुक सहन होत नाही.

२० जानेवारी
रुस्काला लांबून गुण आला, तर जवळून किती येईल? दिवा अगदी टाचेशी टेकवला. जराही दुखलं नाही. इतकं बरं वाटलं की खुर्चीतच डोळा लागला.

२१ जानेवारी
टाचेवर मोठा फोड. आतलं विष बाहेर पडतंय. वर मोजा चढवला. झ्लात्काला सांगितलं नाही, उगाच घाबरते.

२८ जानेवारी
झ्लात्का म्हणते, घरात कसला तरी वास येतोय. म्हटलं, आंबवलेल्या कोबीचं पिंप नासलं असेल. दुपारभर ती बाल्कनीत बर्फात पिंप उपसत होती. बोटं लाल झाली बिचारीची. आत ये, दिव्यासमोर हात धर, म्हटलं. ती उपसतच राहिली.

१ फेब्रुवारी
ताप. म्हणजे शरीर लढतंय. झ्लात्काने जबरदस्तीने मोजा काढला. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. ती नुसती खाली फरशीवर बसली. मग फोन केला आणि म्हणाली, ‘बूट घालू नकोस. गाडी येतेय.’

४ फेब्रुवारी, हॉस्पिटल
सर्जन अगदी पोरगेलासा. विचारतो, ‘चटका बसला तेव्हा पाय मागे का नाही घेतलात?’ म्हटलं, दुखलंच नाही. ‘तेच तर,’ म्हणाला. सडणं टाचेवरून बोटांपर्यंत गेलंय म्हणे, बोटं जातील कदाचित. पंचाला कुठे बॉल मारायचा असतो?

१२ फेब्रुवारी
गुडघ्याखाली कापला. गुडघा वाचलाय, आणि मुख्य असतो तो गुडघाच. मॅचवाल्यांना निरोप पाठवला, शिटी यंदापुरती दुसऱ्याला द्या. झ्लात्का सूप भरवत होती. मधेच थांबून म्हणाली, ‘सगळा कोबी फेकला रे मी. चांगला होता.’

१९ फेब्रुवारी
रुस्का भेटायला आली. बराच वेळ पांघरुणाकडे न बघता बोलत होती. शेवटी चाचरत म्हणाली, ‘झ्लात्काताई तो दिवा फेकायला निघाली होती, मी मागून घेतला. माझ्या मानेला बरं वाटतं. ठेवू का, दादा?’
म्हटलं, ठेव. पण लांब ठेव.
‘तुम्ही नका काळजी करू,’ ती म्हणाली, ‘चटका बसला की कळतंच ना माणसाला.’
आणि मग तिची नजर एकदम पांघरुणाकडे गेली.
मी म्हटलं, हो. कळतं.